पावसाआधी लिंबाची छाटणी: आधी पेस्ट, मग करवत

हस्त बहाराचा (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांपासून उन्हाळ्यात येणाऱ्या फळांचा) तोडा आटोपला की पुण्याकडे पाऊस लागेपर्यंत जे कोरडे दिवस मिळतात, तेच छाटणीचे. बोर्डो पेस्ट (कापांवर लावायचा मोरचूद-चुन्याचा लेप) तयार नसेल त्या दिवशी करवत बाहेर काढूच नका. उघड्या कापावर पाऊस पडला की बुरशीचं आयतंच फावतं.

आदल्या रात्री 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) गोणपाटाच्या पुरचुंडीत बांधून प्लास्टिकच्या बादलीत, 5 लिटर पाण्यात टांगून ठेवा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. 1 किलो कळीचा चुना (पानाच्या डबीतला नव्हे) मडक्यात थोड्या थोड्या पाण्याने विझवा. तो उकळून उडतो, तोंड लांब ठेवा. नंतर त्यातही पाणी 5 लिटर करा. सकाळी गार झाल्यावर दोन्ही एकत्र ढवळा. आवारात एकच झाड असेल तर 100-100 ग्रॅम आणि 1 लिटर पाणी पुरे. घासलेला खिळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर साल करपते.

सिकेटर (छाटणीची कात्री), बारीक दातांची आरी, ब्रश आणि काट्यांसाठी चामडी हातमोजे जवळ असू द्या. पाती निर्जंतुक करायला बुडवण्यासाठी 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट, तेही प्रत्येक झाडानंतर. त्याने पातं गंजतं, म्हणून संध्याकाळी धुऊन तेल लावा.

आधी सल (वाळलेल्या काड्या) काढा. शेंडेमरीची (शेंड्याकडून फांदी वाळत येण्याच्या रोगाची) बुरशी वाळक्या काड्यांवरच टिकते आणि पावसाच्या थेंबांनी खालच्या पानांवर उतरते. वाळलेल्या भागाखालची 2 सेंमी हिरवी फांदीही घ्या. कापावर तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली या. मग पानसोट (सरळ वर जाणारे जोमदार, फळ न देणारे फुटवे), आणि जमिनीपासून दोन फुटांच्या आत लोंबणाऱ्या फांद्या. डिंक्याची (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाची) बुरशी मातीतून शिंतोड्यांबरोबर चढते. हिरवा पाला मात्र जपून कापा, उघडी पडलेली साल उन्हात भाजते. जाड फांदीला आधी खालून खाच द्या, नाहीतर ती वजनाने मोडताना खोडाची साल सोलून नेते.

कापांना लगेच पेस्ट लावा, खोडालाही दोन-तीन फुटांपर्यंत. भीमाकाठच्या भारी काळ्या जमिनीत दुहेरी आळं (खोडाभोवती आत एक आणि बाहेर एक वरंबा, पाणी दोन्हींच्या मधे) हवंच, खोडाला पाणी लागता कामा नये.

काटक्या बागेबाहेर न्या. त्याच दिवशी 1 टक्का बोर्डो फवारा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी चालत नाही, तेव्हा झाडं मोजून लागेल तेवढंच मोरचूद आणि चुना भिजवा.