माणसांवर कविता लिहिताना या चुका टाळा

गणपती-दुर्गेच्या मंडपात, ग्रामगीतेच्या कार्यक्रमात, शाळेच्या गॅदरिंगला आपल्याकडे कविसंमेलन भरतं आणि बहुतेक कविता माणसांवरच असतात. माय, बाप, शेतकरी, सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी), सावकार. विषयांत खोट नाही. बिघडतं ते असं की कवी आपल्याला त्या माणसाबद्दल काय वाटतं ते सांगून मोकळा होतो, ऐकणाऱ्याला मात्र माणूस दिसतच नाही.

पहिली खोड विशेषणांची. ‘बळीराजा’, ‘जगाचा पोशिंदा’, ‘घामाचे मोती’, ‘त्यागमूर्ती माय’. हे शब्द कोणत्याही तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला चिकटतात, म्हणजे तुमच्या धुऱ्यावरच्या माणसाला एकही नीट चिकटत नाही. भुलाबाईच्या सणात पोरी म्हणतात ते कारल्याचं गाणं आठवा. सून माहेरी जायला निघते. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं, तर वेल येऊ दे. वेल आला, तर फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर. सासूला दुष्ट म्हणणारा शब्द गाण्यात नाही. नुसतं ‘मग जा’ पुन्हा पुन्हा येतं आणि पोरी ते हसत हसत म्हणतात.

तुमच्या कवितेतली सगळी विशेषणं पेन्सिलीनं खोडून बघा. मागे काहीच उरलं नाही, तर त्या माणसाचं एक काम, एक बोलणं शोधायला शेतावर जावं लागेल.

दुसरी चूक जास्त घात करते आणि लक्षातही येत नाही: संबोधन. एकाच कवितेत बापाला वर ‘तू’, मधे ‘ते’, शेवटी ‘आपण’. मराठीत नातं क्रियापदालाच लागलेलं असतं, ‘आला’ आणि ‘आले’ यांत माणसाची पत कळते. आणि आपल्या वऱ्हाडीत तर ‘बे’, ‘वो’, ‘जी’ एवढ्यावर अख्खं गाव उभं आहे. सालदारावरच्या या चार ओळी बघा, नमुन्यादाखल रचल्या आहेत:

डबा लिंबाले टांगला व्हता दुपारलोक.
म्या म्हनलं, जेव ना बे बुढ्या.
त्यानं वर पायलं, हासला,
‘तुमी जेवले का, मालक?’

मालक वाईट नाही, त्याला काळजीच आहे. पण बापाच्या वयाच्या माणसाला तो ‘बे’ म्हणतो आणि म्हातारा त्याला ‘तुमी’. सलाम, प्रणाम, शोषण यातलं काहीही लिहायची गरज पडली नाही. ‘बे’ काढून ‘जेवा ना बाबाजी’ करून बघा, कविताच दुसरी होते.

इथेच वाचणाऱ्याची एक चूकही सांगतो. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असं धरून परीक्षेत उत्तरं लिहिली जातात. वरच्या ओळींतल्या ‘मी’ला आपल्या ‘बे’ची लाज नाही, लिहिणाऱ्याला तो ‘बे’ खुपतो. या दोघांत जे अंतर आहे, तिथेच कवीचा भाव असतो.

कुसुमाग्रजांची ‘कणा’ सगळ्यांना पाठ असते, पण शेवटच्या ‘लढ’पायी मधली जागा निसटते. पुरानं घर नेलेला एक पोरगा आपल्या सरांकडे येतो, पण गंगेला शिव्या देत नाही, माहेरवाशीण पोरगी म्हणतो. आणि सरांचा हात? तो खिशाकडे जातो. सरांनी त्याला मदत मागायला आलेला समजलं, हे त्या एका हालचालीत येतं. तो हसत हसत उठतो, त्यात त्याचा मान येतो.

वऱ्हाडीचा वापर हा दुखरा मामला आहे. मजूर बोलला की वऱ्हाडी, कवी बोलला की पुस्तकी मराठी. मंडपात हशा पिकतो, पण त्या मजुराची तुम्ही चेष्टा केलेली असते, मनात नसलं तरी. विठ्ठल वाघांच्या ‘काया मातीत मातीत’मध्ये बोली हसवायला आलेली नाही, अख्खी कविताच तिच्यात चालते. तर एकतर दोघंही वऱ्हाडीत बोला, नाहीतर फरक ठेवायला कारण असलं पाहिजे.

सावकाराला राक्षस करणाऱ्या कवितांबद्दल थोडक्यात: राक्षसाची भीती कोणालाच वाटत नाही. चहा पाजून, पोरांची चौकशी करून वही उघडणारा सावकार लिहा.

आणि शेतकऱ्याच्या फासावर संपणारी कविता. ऐकणाऱ्यांत तशा घरची माणसं बसलेली असू शकतात, हे लक्षात ठेवूनच मंचावर चढा.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. खऱ्या माणसावर लिहिलं असेल तर त्याचं टोपणनाव, लंगडी चाल, घराची खूण बदला. गाव लहान असतं, दुसऱ्या ओळीला माना वळतात आणि तो माणूस मागच्या सतरंजीवर बसलेला असतो.