स्प्राव्हाटो घ्यायचं ठरलं असेल तर भारतातली फाइल मागवून घ्या

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. त्यातली दोन माझ्या नवऱ्याच्या डिप्रेशनमध्ये गेली. गोळ्या बदलत राहिलो, पण फरक पडेना. मग सायकायट्रिस्टनी स्प्राव्हाटो सुचवलं. तेव्हा काही गोष्टी आधी माहीत असत्या तर आमचे दोन महिने वाचले असते. नव्याने आलेल्यांचे तरी वाचावेत, म्हणून लिहितेय.

हे एस्केटामिन, नाकात मारायचा स्प्रे. एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, त्याला मार्च २०१९ मध्ये मान्यता दिली. निदान दोन वेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊनही गुण आला नाही, तर डॉक्टर त्याचा विचार करतात. तो घरी मिळत नाही. त्यासाठी नोंदणी झालेल्या ठिकाणीच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास तिथेच देखरेखीखाली थांबायचं. कंपनीच्या वेबसाइटवर झिप कोड टाकला की जवळची क्लिनिकं दिसतात. ती यादी आणि तुमच्या इन्शुरन्सची इन-नेटवर्क यादी (इन्शुरन्सशी करार असलेल्या क्लिनिकांची) शेजारी ठेवून बघा, दोन्हींत असलेल्यांनाच फोन करा. नुसतं ‘केटामिन क्लिनिक’ अशी पाटी दिसली तर थांबा. शिरेतून देतात त्या केटामिनला डिप्रेशनसाठी एफडीएची मान्यता नाही आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा खिशातूनच जातात.

आमचं घोडं अडलं ते प्रायर ऑथरायझेशनपाशी, म्हणजे इन्शुरन्सकडून आधी घ्यायच्या मंजुरीपाशी. आधी काय काय घेतलं, किती डोस, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं इन्शुरन्सला लागतं. आजारपण पहिल्यांदा पुण्यातच सुरू झालेलं, तिथल्या डॉक्टरांनी नेक्सिटो दिली होती. इथे ते नाव कुणालाच कळेना. आतलं औषध एस्सिटालोप्राम, ते मात्र सगळ्यांना माहीत. आम्ही तारखांशिवाय अर्ज केला आणि तो परत आला. शेवटी सासऱ्यांनी कपाटातली सगळी प्रिस्क्रिप्शन्स काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, मी वहीत ब्रँडसमोर मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि महिने लिहून काढले, आणि दुसऱ्या वेळी मंजुरी आली. म्हणून सांगते, येतानाच फाइल आणा. राहिली असेल तर आजच घरी फोन करा. ‘डिप्रेशनच्या गोळ्या’ हा विषय आईवडिलांशी बोलायला जड जातो, मला माहीत आहे. तरी करा.

दुसरी गोष्ट अंतराची. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार एकदा, म्हणजे दोन महिन्यांत बारा फेऱ्या. आणि स्प्रे घेतल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत, नीट झोप होईपर्यंत, गाडी चालवायची नाही. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाला मिळतो तो व्हिसा) आलेल्या जोडीदाराकडे अजून लायसन्स नसेल तर हे प्रकरण मोठं होतं. आम्हाला सुरुवातीला तासाभरावरचं क्लिनिक मिळालं होतं, छान होतं, पण सोडलं आणि वीस मिनिटांवरचं घेतलं. सोबत कोण येणार, टॅक्सीने एकट्याला जाऊ देतात का, हे पहिल्याच फोनवर विचारा. औषधाचं बिल इन्शुरन्सच्या मेडिकल भागात जाणार की फार्मसीच्या, हेही विचारा, कारण डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम, त्यावर ठरतं. खाजगी इन्शुरन्स असेल तर औषध कंपनीची को-पे मदत, म्हणजे आपल्या वाट्याच्या पैशांसाठी मदत, मिळू शकते.

त्या दिवशी दोन तास आधीपासून खायचं नाही, अर्धा तास आधीपासून पाणीसुद्धा नाही. तिथे बीपी मोजतात, कारण स्प्रेने ते काही वेळ चढतं. ब्लड प्रेशरचा त्रास असेल, मेंदूत कधी रक्तस्राव झाला असेल किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. तोंड कडू होतं, गरगरतं, काहींना आपण शरीरापासून सुटल्यासारखं वाटतं. पहिल्या वेळी नवऱ्याने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. थोड्या वेळाने ते ओसरलं. मी पुढे प्रत्येक वेळी शाल आणि त्याचे हेडफोन न्यायचे.

आणि मंजुरीची वाट बघताना जीव नकोसा वाटायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. ९८८ या इथल्या आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करा, रात्री तीनलाही कुणीतरी उचलतं.