मॉड घातलेला गेम सारखा बंद पडतोय? आधी अर्धे मॉड काढा

माइनक्राफ्टमध्ये ढीगभर मॉड (गेममध्ये नव्या गोष्टी आणणाऱ्या जोडफाइली) घातले आणि गेम दर थोड्या वेळाने धाडकन बंद पडायला लागला, की बहुतेक जण सगळं उडवून नव्याने इन्स्टॉल करतात. तेच मॉड परत घातले की दुखणंही परत येतं.

आधी गेमच्या फोल्डरमधलं ‘क्रॅश-रिपोर्ट्स’ उघडा. शेवटच्या फाइलमध्ये ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या आसपास बऱ्याचदा एखाद्या मॉडचं नाव सापडतं. (सापडलेला मॉड दोषी असेलच असं नाही, पण धागा मिळतो.)

नाव नाहीच मिळालं तर वर्ल्डची (तुम्ही खेळत असलेल्या, सेव्ह केलेल्या जगाची) कॉपी बाजूला ठेवा, मूळ वर्ल्डला हात लावू नका. मॉड काढला की त्याने आणलेले ब्लॉक वर्ल्डमधून जातात. चाचणी नव्या वर्ल्डमध्येच. अर्धे मॉड बाहेर काढून गेम चालवा. बंद पडला तर चोर आत आहे, नाही तर बाहेर. पुन्हा अर्धे करा. एकच मॉड बिघडलेला असेल तर ६४ मॉडमधून तो ६ फेऱ्यांत हाती लागतो. फॅब्रिक एपीआयसारखे आधाराचे मॉड (ज्यांच्याशिवाय दुसरे मॉड चालत नाहीत) मात्र प्रत्येक फेरीत आतच हवेत. दोन्ही अर्धे सुटे नीट चालले, तर भांडण दोन मॉडमधलं आहे: एक अर्धा तसाच ठेवून दुसऱ्यातले थोडे थोडे घालत जा.