शेरशाह आणि अकबर यांची तुलना करताना या चुका टाळा

तुलना लिहायला घेतली की बरेच जण पानावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने पाडतात. एकात रुपया, सडका, सराया (प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागा); दुसऱ्यात मनसबदारी (अधिकाऱ्यांची हुद्देवारी), जिझिया (मुस्लिमेतरांवरचा कर) रद्द, फतेहपूर सिक्री. मग ज्याचा रकाना लांब, तो थोर. पण शेरशाहाच्या हाती दिल्ली होती १५४० ते १५४५, म्हणजे जेमतेम पाच वर्षं. कालिंजर किल्ल्याच्या वेढ्यात दारूगोळ्याचा स्फोट होऊन तो गेला. अकबराला ४९ वर्षं मिळाली. त्याची यादी लांबणारच! म्हणून यादी नको, एकेक प्रश्न घ्या.

जमीन महसूलच घ्या. शेरशाहानं जमीन मोजून घेतली, उत्पन्नाचा तिसरा हिस्सा सरकारचा ठरवला, रयतेला पट्टा (जमीन आणि साऱ्याचा कागद) देऊन तिच्याकडून कबुलियत (सारा भरण्याची लेखी कबुली) लिहून घेतली. अकबराच्या अंमलदारांनी सुरुवातीला शेरशाहाचाच दरतक्ता, म्हणजे कोणत्या पिकावर किती धान्य घ्यायचं याची यादी, चालवला. पण त्याची रोख रक्कम काढताना धान्याचा भाव सगळीकडे एकच धरला, त्यामुळे जिथे भाव पडलेले असत तिथला शेतकरी भरडला जाई. हे दुखणं ओळखून पुढे प्रत्येक भागाचं उत्पन्न आणि भाव वेगवेगळे नोंदवले गेले आणि १५८० मध्ये दहा वर्षांच्या सरासरीवर ‘दहसाला’ बंदोबस्त आला. त्यामागचा तोडरमल आधी शेरशाहाच्याच चाकरीत होता. पंजाबातल्या रोहतास किल्ल्याचं बांधकाम त्याच्या देखरेखीखाली झालं. तेव्हा ‘श्रेय कुणाचं?’ असं विचारण्यापेक्षा कुणी काय उचललं आणि त्यात काय दुरुस्त केलं, ते लिहा. माझ्या मते या दोघांच्या वारशाचा खरा गाभा इथेच आहे.

‘शेरशाहानं ग्रँड ट्रंक रोड बांधला’ हे वाक्यही खोडा. मार्ग फार जुना. त्यानं तो नीट केला, सराया आणि विहिरी बांधल्या, झाडं लावली.

साधनं डोळे झाकून वापरू नका. शेरशाहाचं प्रसिद्ध चरित्र लिहिणारा अब्बास खान सरवानी स्वतः शेरशाहासारखाच अफगाण, आणि लिहायला सांगणारा अकबर! अकबराबद्दल त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल वाचलात तर अकबरावर टीका करणारा इतिहासकार बदायुनीही वाचा.

शेवटचं, ‘सहिष्णू’ असा शिक्का मारून मोकळे होऊ नका. १५६४ मध्ये जिझिया उठवणाऱ्या अकबरानंच १५६८ मध्ये चितोड जिंकल्यावर कत्तलीचा हुकूम दिला. शेरशाहानं १५४३ मध्ये रायसेनच्या राजपूत राजा पूरणमलला अभय देऊन, तो किल्ल्याबाहेर आल्यावर त्याच्यावर हल्ला केला. चितोड आणि रायसेन गाळून लिहिलेल्या उत्तराचे गुण मी तरी कापेन.