घरच्या टाकीतल्या प्रवाळाला पंचांग कसं द्यावं

संकष्टीला आई दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ बघते, कारण चंद्र दिसल्याशिवाय तिचा उपास सुटत नाही. गेली काही वर्षं तोच आकडा मीही बघतो, टाकीसाठी. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यातल्या प्रवाळानं अंडी सोडावीत असं वाटत असेल, तर चंद्र कधी उगवला हे त्यालाही कळावं लागतं.

अ‍ॅक्रोपोरासारखं फांद्यांचं प्रवाळ वर्षातल्या मोजक्या रात्री, पौर्णिमेनंतर काही दिवसांनी, अंडी आणि शुक्राणूंची मोहरीएवढी गाठोडी पाण्यात सोडतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर शेकडो वसाहती एकाच सुमारास हे करतात, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. बंद टाकीत हे ठरवून घडवण्याची पद्धत लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बसवली आणि २०१७ मध्ये तपशिलानं प्रसिद्ध केली. तिचं सार असं: औषध नाही, इंजेक्शन नाही. समुद्रातलं अख्खं वर्ष टाकीत उभं करायचं, म्हणजे पाण्याचं तापमान, दिवसाची लांबी, उन्हाची तीव्रता आणि चंद्र. घरी आपल्यालाही हेच करायचं आहे.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारं सगळं कठीण प्रवाळ येतं. मालवण किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून एक तुकडाही उचलणं गुन्हा आहे. परदेशी प्रवाळ बाळगण्यासाठीही परवाने आणि नोंदणी लागते. विक्रेता कागद दाखवत नसेल तर दुकानातून बाहेर पडा, प्रवाळ कितीही सुंदर असो. माझ्याकडे लेदर आणि मश्रूम हे मऊ प्रवाळ आहेत, टाकीतच वाढवलेल्या तुकड्यांपासून केलेले. पुढच्या बहुतेक पायऱ्या दोन्ही प्रकारांना लागू आहेत, फरक पडतो तिथे सांगतो.

पायरी १: वसाहती निवडा आणि कात्री लांब ठेवा. एकाच वसाहतीचे चार तुकडे म्हणजे चार प्रवाळ नव्हेत, तो एकच जीव आहे. अ‍ॅक्रोपोरा उभयलिंगी असतं, पण स्वतःच्याच शुक्राणूंनी त्याचं फलन सहसा होत नाही. म्हणून वेगवेगळ्या मूळ वसाहतींचे किमान दोन, शक्यतो तीन-चार नमुने हवेत. लेदरमध्ये नर आणि मादी वेगळ्या असतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत, तेव्हा तिथे संख्या आणखी वाढवा. वसाहत वीतभर तरी झालेली असावी. आणि मित्रांना वाटण्यासाठी दर दोन महिन्यांनी तुकडे काढण्याची सवय सोडावी लागेल. कापलेलं प्रवाळ आधी जखम भरतं, मग वाढतं, अंड्यांचा विचार त्यानंतर.

पायरी २: पाणी स्थिर करा. खडकवासल्याचं पाणी असो की टँकरचं, आरओ-डीआय या गाळणीतून काढून टीडीएस (पाण्यात विरघळलेले पदार्थ) शून्यावर आणल्याशिवाय त्यात मीठ मिसळू नका. क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास. हे आकडे महिनोन्महिने हलले नाहीत तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा चालेल असा बॅटरीचा एअर पंपही घेऊन ठेवा.

पायरी ३: वर्ष उभं करा. आपल्यातले बहुतेक जण हीटर आणि चिलर २६ अंशांवर लावून बारा महिने विसरून जातात. माशांचं त्यानं बिघडत नाही, पण प्रवाळाला ऋतू कळत नाही. मी जानेवारीत २५ अंशांवर असतो आणि मेपर्यंत हळूहळू २८ ला पोचतो, पंधरवड्याला अर्ध्या अंशापेक्षा जास्त नाही. पावसाळ्यात थोडं खाली उतरतो. पुण्याचं हवामान इथे आपल्या बाजूचं आहे, कारण माघापासून वैशाखापर्यंत घर आपोआप तापत जातं. चिलर फक्त ते तापणं आवरतो. मन्नारच्या आखातातलं अ‍ॅक्रोपोराही मार्चच्या सुमारास अंडी सोडतं, म्हणजे पाणी तापत असतानाच.

दिव्यांचा टायमरही असाच सरकवा. पुण्यात डिसेंबरचा दिवस ११ तासांचा आणि जूनचा सव्वातेरा तासांच्या जवळ असतो. दर आठवड्याला पाच मिनिटांचा फरक केला की झालं. संध्याकाळी दिवे एकदम बंद करू नका, तासभर मंद करत न्या.

पायरी ४: चंद्र, आणि त्याहून महत्त्वाचा अंधार. माझी मोठी चूक इथे झाली. पहिली तीन वर्षं मी रोज रात्रभर निळा दिवा ठेवत होतो, कारण पाकिटावर ‘मूनलाइट’ लिहिलं होतं. म्हणजे माझ्या टाकीत तीन वर्षं रोज पौर्णिमा होती.

पौर्णिमेच्या आधी सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आकाशात असतोच, त्यामुळे संध्याकाळी पूर्ण अंधार होत नाही. पौर्णिमेनंतर चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जातो आणि सूर्यास्त व चंद्रोदय यांच्यामध्ये अंधाराची फट पडते, ती रोज रुंद होत जाते. तैवानमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की डिप्सास्ट्रिया या प्रवाळाला अंडी सोडायचा इशारा हीच फट देते. संकष्टीला आपण ज्या अंधारात चंद्राची वाट बघतो, तोच हा अंधार.

म्हणून असं करा. चंद्रासाठी एकच लहान पांढरा एलईडी घ्या, तो टाकीपासून दूर बसवा आणि पुढे बटरपेपर लावा. खऱ्या पौर्णिमेचा प्रकाशही अर्ध्या लक्सच्या आतच असतो. टाकीजवळ वर्तमानपत्र वाचता आलं तर दिवा जास्त आहे. शुद्ध पक्षात तो संध्याकाळपासून चंद्रास्तापर्यंत, वद्य पक्षात चंद्रोदयापासून पहाटेपर्यंत, आणि अमावास्येला बंद. कंट्रोलर नसेल तर दिनदर्शिका आणि साधा टायमर पुरतो. टाकीतला सूर्यास्त सोयीसाठी दोन तास अलीकडे आणलात, तर चंद्रही तितकाच अलीकडे आणा.

मग खोलीचा अंधार बघा. टीव्ही, बाल्कनीतून येणारा रस्त्यावरचा दिवा, गणेशोत्सवात समोरच्या मांडवाची रोषणाई, यातलं काहीही ती फट बुजवू शकतं. आम्ही टाकीवर जाड काळ्या कापडाचा पडदा शिवून घेतला. घरातल्यांना त्याची सवय व्हायला महिना गेला.

पायरी ५: खाऊ घाला आणि तपासा. अ‍ॅक्रोपोराची अंडी तयार व्हायला सात-आठ महिने सहज लागतात, लेदरची दीड ते दोन वर्षं. रात्री पॉलिप, म्हणजे प्रवाळाची फुलासारखी इवली तोंडं, उघडले की आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जिवाची ताजी उबवलेली पिल्लं आठवड्यातून तीन-चारदा द्या. अपेक्षित पौर्णिमेआधी अ‍ॅक्रोपोराची एखादी फांदी मधून मोडून बघता येते. टोकाला बघू नका, वाढत्या टोकात अंडी नसतात. आत गुलाबी-तांबडे दाणे दिसले तर वेळ जवळ आली, पांढरट दिसले तर अजून थांबायचं आहे.

पायरी ६: ती रात्र. पौर्णिमेनंतर तिसऱ्या ते सातव्या रात्रीपर्यंत, टाकीतल्या सूर्यास्तानंतर दीड तासानं बसायला सुरुवात करा. फक्त मंद लाल टॉर्च वापरा. पॉलिपच्या तोंडाशी गुलाबी ठिपका येऊन थांबला, की अर्ध्या-एक तासात गाठोडी सुटतात. ठिपके दिसताच स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पंप बंद करा, नाहीतर सगळं ओव्हरफ्लोतून, म्हणजे वरचं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेनं, निघून जाईल. गाठोडी तरंगतात. ती रुंद तोंडाच्या ड्रॉपरनं किंवा वाटीनं हलकेच उचला.

माझ्या टाकीत पडदा लावल्यावर दुसऱ्या वर्षी, वद्य षष्ठीला, एका लेदरमधून धूर निघावा तसं पाणी पांढुरकं झालं. तो नर होता. मादी नव्हती, त्यामुळे पुढे काही झालं नाही. तरीही मी आईला झोपेतून उठवून ते दाखवलं.

गोळा करणं झालं की लगेच पंप सुरू करा, गाळणीतला कार्बन बदला आणि पाचवा हिस्सा पाणी बदला. उरलेली अंडी सडून प्राणवायू ओढतात आणि सकाळी मासे तळाला सापडतात.

पायरी ७: पिल्लं. टाकीच्याच तापमानाचं आणि क्षारतेचं स्वच्छ पाणी टबमध्ये घ्या. दोन वसाहतींची गाठोडी एकत्र करा आणि हलक्या हातानं फिरवा म्हणजे ती फुटतील. दीड-दोन तासांनी खालचं गढूळ पाणी काढून दोन-तीनदा नव्या पाण्यानं धुवा. पृष्ठभागावर अंड्यांचा एक पातळ थरच राहू द्या, दाटी झाली की सगळी एकत्र सडतात. पहिल्या दिवशी बुडबुडे सोडणारा एअरस्टोन नको, गर्भ तुटतात. खाणंही नको, त्यांची शिदोरी अंड्यातच असते.

चार-पाच दिवसांनी अळ्या बसायला जागा शोधतात. त्यासाठी बिनचकाकीच्या मातीच्या टाइल्स दोन महिने आधीच टाकीत ठेवून त्यांवर गुलाबी कोरलाइन शेवाळ चढू द्या. अळ्या बसल्या की मूळ वसाहतीचा छोटा तुकडा टबमध्ये ठेवा, अ‍ॅक्रोपोराची पिल्लं आपलं सहजीवी शैवाल बाहेरून घेतात. पुढचा शत्रू हिरवं शेवाळ. हॉर्निमनच्या मंडळींनी त्यावर समुद्री साळूची (काटेरी सी अर्चिनची) लहान पिल्लं सोबत वाढवली. घरी लहान गोगलगायी चालतील. बरीचशी पिल्लं तरीही जातात.

वहीत तारखेबरोबर तिथी, पाण्याचं तापमान आणि वेळ लिहा. एक सूचना खास आपल्याला समजेल अशी. प्रवाळ चंद्राकडे बघतं तसं ऋतूकडेही बघतं. पौर्णिमा ऋतूच्या मानानं फार लवकर आली, तर काही वसाहती त्या महिन्यात आणि काही पुढच्या महिन्यात अंडी सोडतात. चंद्र आणि सूर्य यांचा हाच मेळ घालायला आपण २०२३ मध्ये अधिक श्रावण धरला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. तेव्हा पहिल्या पौर्णिमेनंतर काहीच घडलं नाही तरी पडदा काढू नका. पुढच्या पौर्णिमेनंतरच्या त्या पाच रात्रीही मोकळ्या ठेवा.