आई-बाबांना स्मृतीच्या तपासणीला नेताना

स्मृतीच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. डॉक्टर पेशंटला माझ्याकडे पाठवतात, मी तासभर प्रश्न विचारते, आकृत्या काढून घेते आणि अहवाल लिहिते. इतकी वर्षं हे केल्यावर माझं ठाम मत झालंय की निदानाचं घोडं बहुतेक वेळा अडतं ते घरच्यांकडे नेमकी माहिती नसते म्हणून. "हल्ली फार विसरतात हो" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सत्तरी ओलांडलेली माणसं नावं विसरतातच.

तेव्हा अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जे काही दिवस हाताशी असतील त्यात एक वही करा. तिच्यात मतं लिहू नका, घडलेलं लिहा. "संशयी झालेत" याचा मला उपयोग नाही. "पाकीट चोरलं म्हणून शेजाऱ्यांशी भांडले, पाकीट उशीच्या अभ्र्यात सापडलं, दुसऱ्या दिवशी भांडण झाल्याचंच आठवत नव्हतं" याचा आहे. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. आठवण करून दिल्यावर "अरे हो की!" म्हणणारा माणूस आणि "मी कधी भांडलो?" असं शांतपणे विचारणारा माणूस यांच्यात फार फरक असतो. पहिल्याला आठवण सापडत नव्हती, दुसऱ्याच्या बाबतीत ती बहुधा साठलीच नाही.

आणखी एक नोंद हवी: आयुष्यभर सहज जमलेलं कुठलं काम आता अडतं? हिशेब, औषधांच्या वेळा, फोन लावणं, रोजच्या रस्त्यावरून घरी येणं. मी नेहमी विचारते, "दहा वर्षांपूर्वी हे काम ते कसं करायचे?" कारण बँकेचे व्यवहार ज्यांनी कधीच पाहिले नाहीत, त्यांना आज ते जमत नाहीत यावरून काही सिद्ध होत नाही. जन्मभर हिशेब तपासलेल्या माणसाला विजेचं बिल दोनदा भरलं हे कळत नसेल, तर मात्र मी कान टवकारते.

सुरुवात कधी झाली आणि बिघाड कोणत्या वेगाने वाढला, हेही लिहा. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू घसरलेलं वेगळं आणि परवापर्यंत धड असलेला माणूस आज दिवसरात्र ओळखेनासा झाला, हे वेगळं. असं अचानक झालं तर स्मृतीच्या तपासणीची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, यातलं काहीही म्हाताऱ्या माणसाला दोन दिवसांत भ्रमिष्ट करू शकतं आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांत ते सुधारतं. चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं, हातातली ताकद गेली तर थेट इमर्जन्सी. आणि मागच्या काही आठवड्यांत ते पडले असतील, डोक्याला किरकोळ मार लागला असेल, तर तेही सांगा. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठायला तेवढं पुरतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

गोळ्यांचं निघालं म्हणून सांगते. घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा, यादी नको. यादीतून नेमकी झोपेची गोळी राहून जाते, सर्दीची गोळी तर कुणी औषध म्हणून मोजतच नाही. सर्दीवरचं क्लोरफेनिरामाइन, वारंवार लघवीवरचं ऑक्सिब्युटिनिन, नैराश्यावरचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कंपवातावरचं ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधं उतारवयात स्मृतीवर मळभ आणतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही झोपेसाठी दिली जाणारी औषधंही त्यातलीच. मात्र हे वाचून घरच्या घरी काही बंद करू नका. झोपेच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर फिट येऊ शकते.

आता आई-बाबांना काय सांगून न्यायचं? "बीपी दाखवायला जाऊ" म्हणून आणलेली माणसं माझ्यासमोर बसली की पहिल्या पाच मिनिटांत सगळं ओळखतात. मग जी चिडतात, ती पूर्ण तासभर. खरं सांगावं, पण बेताचं: "विसरायला होतं म्हणता ना, त्याचं कारण काढू. कधीकधी व्हिटॅमिनची किंवा थायरॉइडची गडबड निघते." यात खोटं काहीच नाही.

त्या दिवशी चष्मा आणि कानाचं मशीन विसरू नका, मशीनची बॅटरी आधी तपासा. ऐकूच न आलेले शब्द कुणाला पाच मिनिटांनी आठवणार? शक्यतो सकाळची वेळ घ्या. शिक्षण किती झालं आणि लहानपणी पाढे कोणत्या भाषेत पाठ केले, ते आल्याआल्या सांगा, कारण माणूस आकडेमोड त्याच भाषेत करतो. बरोबर दोघं या. एकजण पेशंटजवळ थांबेल, दुसऱ्याला डॉक्टरांशी वेगळं बोलता येईल. त्यांच्यादेखत त्यांच्या चुकांचा पाढा वाचू नका.

चाचणीत काय असतं? तारीख, वार, ठिकाण. काही शब्द ऐकून लगेच म्हणायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा आठवायचे. शंभरातून सात-सात वजा करायचे. मिनिटभरात सुचतील तेवढी प्राण्यांची नावं सांगायची. एमएमएसई ही 1975 पासून वापरात असलेली चाचणी 30 गुणांची, 2005 साली प्रसिद्ध झालेली मोका हीसुद्धा 30 गुणांची. मोकात 26 आणि त्यावर ठीक मानतात. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत, त्या मागून घ्या.

मला स्वतःला सगळ्यात जास्त सांगून जातं ते घड्याळ. कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. दिसायला सोपं, पण मिनिटकाटा दोनवर न्यायचा असतो आणि कानात "दहा" घुमत असतं. काहीजण एक काटा अकरावर आणि दुसरा सरळ दहावर ठेवतात आणि समाधानाने पेन खाली ठेवतात. काहींचे बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसतात. कुणी चूक दिसताच खोडून पुन्हा काढतं, कुणाला ती दिसतच नाही. हा फरक गुणांत उमटेलच असं नाही, माझ्या अहवालात उमटतो.

घरचं माणूस खोलीत बसलेलं असेल तर त्याला माझी एकच विनंती: गप्प बसा. ओठ हलवू नका, बोटांनी खुणा करू नका. विशेषतः नवरा-बायकोंना हे फार जड जातं. मी प्रश्न विचारते आणि आजी वळून आजोबांकडे बघतात, तेही प्रत्येक प्रश्नाला. ते बघणं हीसुद्धा माझ्यासाठी नोंद असते. आजोबांनी उत्तर पुरवलं की ती नोंदही जाते आणि गुणही खोटे होतात. घरी प्रश्नांचा सराव करून घेणं तर त्याहून वाईट. ही बोर्डाची परीक्षा नाही, चांगले मार्क पडून आजार हटत नाही. उलट निदान लांबतं.

गुणांचा आकडा एकटा काही सांगत नाही. निवृत्त प्राध्यापक आजार सुरू झालेला असतानाही 28 काढू शकतात आणि चौथीपर्यंत शिकलेल्या, तब्येतीने ठणठणीत आजींना 22 पडू शकतात. म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नका: हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड, साखर, सोडियम, कॅल्शियम, किडनी आणि लिव्हर. सीटी किंवा एमआरआय प्रामुख्याने दुसरं काही नाही ना हे बघायला करतात: गाठ, साठलेलं रक्त, जुने स्ट्रोक, मेंदूत वाढलेलं पाणी. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसर, ही तिन्ही एकत्र दिसली तर मेंदूतल्या पाण्याबद्दल मुद्दाम विचारा, शस्त्रक्रियेने काहींना फरक पडतो. नैराश्यही विसराळूपणाचं सोंग घेऊन येतं. अशी माणसं प्रयत्न न करताच "मला नाही येत" म्हणून मोकळी होतात.

निकालाच्या दिवशी "डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे" एवढं ऐकून उठू नका. कोणत्या प्रकारचा, हे विचारा. अल्झायमर, रक्तवाहिन्यांमुळे झालेला, ल्युई बॉडी (मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गाठी साठून होणारा), फ्रंटोटेम्पोरल (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा), प्रत्येकाची वाट वेगळी. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसणं, झोपेत हातपाय झाडणं, एक दिवस लख्ख तर दुसऱ्या दिवशी गोंधळ, असं असेल तर ल्युई बॉडीचा संशय असतो. तो ठरला तर घरात ठळक अक्षरांत लिहून ठेवा, कारण भास आणि आक्रस्ताळेपणा शमवायला देतात ती हॅलोपेरिडॉलसारखी औषधं अशा पेशंटला जिवावर बेतू शकतात आणि आणीबाणीत ती सहज दिली जातात. चाचणीत घसरण दिसते पण रोजची कामं स्वतःची स्वतः होतात, अशांना डिमेन्शिया म्हणत नाहीत, सौम्य बोधनात्मक घट म्हणतात. त्यातले काही पुढे डिमेन्शियाकडे जातात, काही आहेत तिथेच राहतात, काही चक्क सुधारतात.

डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन ही डिमेन्शियावरची औषधं सुरू करणार असतील तर आधी नाडी किंवा ईसीजी पाहिला का, ते विचारा. नाडी मंदावू शकते. या गोळ्यांनी आजार बरा होत नाही, काहींना काही काळ थोडा आधार मिळतो.

मृत्युपत्र, बँकेची नॉमिनी नावं, उपचार कुठवर करायचे याबद्दलची इच्छा, ही कामं ते स्वतः निर्णय घेऊ शकतात तोवर, त्यांना विचारून उरका. गाडी चालवत असतील तर तो विषय डॉक्टरांच्या तोंडून निघू द्या. मुलाने किल्ली मागितली की घरात महाभारत होतं.

पुन्हा चाचणी साधारण सहा महिने ते वर्षाने. महिन्याभरात परत आणलंत तर प्रश्न ओळखीचे झालेले असतात आणि गुण फुगतात. मधेच अचानक बिघडले तर माझ्याकडे नंतर या, आधी लघवी आणि रक्त तपासून घ्या.