पदवी नाही, भाषा चार: निवेदनाच्या कामाला कुठून लागायचं

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या मुलांच्या कानावर भाषा आपोआप पडत राहतात. आमच्या घरात तेलुगू, कारण आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर. शाळा मराठी. समोरच्या आजी कन्नडमधून हाक मारायच्या, मागच्या बोळात दखनी, म्हणजे इकडची उर्दू, चालायची. आई विड्या वळायला बसली की सुपाशेजारी रेडिओ सुरूच असे. बारावीनंतर मी शिकले नाही. तरी आज माझं घर आवाजावर चालतं: एफएमवरचे शो, जाहिराती, डबिंग, श्राव्य पुस्तकं, सूत्रसंचालन. गल्लीतली मुलंमुली येऊन विचारतात, “अक्का, डिग्री नाही, पण चार भाषा येतात. रेडिओत काम मिळेल का?” मिळेल. पण आधी ‘चार भाषा येतात’ म्हणजे नेमकं काय येतं, याचा हिशेब मांडायला हवा.

वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक भाषेसमोर चार रकाने आखा: ऐकून कळते, बोलता येते, समोर आलेला मजकूर पहिल्यांदाच पाहून न अडखळता वाचता येतो, लिहिता येते. पहिले दोन रकाने भराभर भरतात. खरी अडचण तिसऱ्यात येते. आमच्याकडे कितीतरी तेलुगू घरांतल्या मुलांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, कारण शाळा मराठी माध्यमाची. मजकूर देवनागरीत लिहून घेऊन वाचता येतो, पण ते फार दूर नेत नाही. तेलुगू आणि कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. आपल्या रोजच्या देवनागरीत तो फरक दिसतच नाही, आणि वाचताना नेमका तिथेच आवाज परका वाटतो. म्हणून लिपी शिका. तेलुगू आणि कन्नड लिपी एकमेकींच्या जवळच्या आहेत. एक हातात आली की दुसरीला वेळ लागत नाही. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, एसटी स्टँडवर कर्नाटकच्या गाड्यांवरची गावांची नावं, जिथे अक्षर दिसेल तिथे मोठ्यानं वाचा.

आणखी एक गोष्ट त्याच पानावर लिहा: तुमची भाषा कुठली आहे? सोलापूरच्या तेलुगूत मराठी शब्द इतके मिसळलेत की हैदराबादचा श्रोता दोन वाक्यांत ओळखतो. तिथल्या डबिंगमध्ये नायिकेचा आवाज म्हणून ती चालणार नाही. पण अशोक चौकातल्या साडीच्या दुकानाची जाहिरात करायची, विडी कामगार बायकांना आरोग्य शिबिराची माहिती द्यायची, तर तीच तेलुगू हवी. भाषेला कमी-जास्त ठरवू नका. ती कुठल्या कामाला लागते ते ठरवा.

मग एक भाषा मुख्य धरा. यावर लोक माझ्याशी वाद घालतात, पण माझं मत पक्कं आहे. चारही भाषा सारख्या चांगल्या बोलणारा माणूस कार्यक्रमाला उपयोगी पडतो. एका भाषेत ज्याच्यावर डोळे मिटून विसंबता येतं आणि बाकीच्या तीन ज्याच्या मदतीला आहेत, त्याला रोजचं काम मिळतं. माझी मुख्य भाषा मराठी. रेडिओ निवेदक अमीन सायानींचं उदाहरण मी नेहमी देते. त्यांच्या आई कुलसुम सायानी ‘रहबर’ नावाचं पत्र चालवायच्या, ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत निघायचं. अशा घरात वाढलेला हा मुलगा आधी इंग्रजी प्रसारणात होता. आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत त्यांना नाकारलं गेलं. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे, हे कारण होतं. मग त्यांनी हिंदुस्तानीवर मेहनत घेतली आणि १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर हिंदी सिनेगीतांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ज्या भाषेत नापास झाले त्याच भाषेत त्यांचा आवाज देशाला पाठ झाला. एका भाषेवर ठाण मांडून बसणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

उच्चार साफ करायचे म्हणजे घरचा ठसा पुसायचा नाही. हवा तेव्हा तो बाजूला ठेवता आला पाहिजे. प्रत्येक घराच्या अडचणी ठरलेल्या असतात, त्या ओळखल्या की अर्धं काम होतं. मराठीत ‘चमचा’मधला च वेगळा आणि ‘चहा’मधला वेगळा, ‘जाड’चा ज वेगळा आणि ‘जीवन’चा वेगळा. तेलुगूतही हे दोन्ही आवाज आहेत, त्यामुळे आमच्या मुलांना तो फरक सहज जमतो. कन्नड किंवा हिंदी घरातल्यांना तो मुद्दाम बसवावा लागतो. उलट तेलुगू शब्द स्वरावर संपतात, म्हणून आमच्या मुलांच्या तोंडी मराठी शब्दाच्या शेवटी एक बारीकसा स्वर चिकटतो. शिवाय तो, ती, ते यांत गडबड होते. मराठी घरातल्यांची परीक्षा हिंदीत: ‘है’ आणि ‘और’ आपण मराठी ऐ-औ सारखे ओढतो. दखनीवाल्यांच्या तोंडी ‘क़लम’चं ‘ख़लम’ होतं. आपली कुठली जागा कच्ची आहे हे स्वतःला ऐकू येत नाही. त्या भाषेत शिकलेल्या माणसाला ऐकवा.

सराव असा करा. रोज सकाळी वर्तमानपत्रातली एक बातमी आधी न वाचता थेट मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग पेन्सिल घेऊन त्याच बातमीवर खुणा करा: जिथे थोडं थांबायचं तिथे एक तिरपी रेघ, जिथे श्वास घ्यायचा तिथे दोन, ज्या शब्दावर जोर त्याच्याखाली ओळ. पुन्हा वाचा. दोन्ही रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. कान ताजा असतो.

आता नावांची वही. बहुभाषिक घरातल्या निवेदकाची खरी ताकद मला इथेच दिसते. सोलापुरात कुठल्याही बक्षीस समारंभाची यादी हातात घेतली की म्याकल, यन्नम, येमूल, हत्तुरे, कल्लशेट्टी, हिरेमठ, बागवान अशी नावं एकाखाली एक येतात. ज्यांना एकच भाषा येते ते निवेदक त्यातली निम्मी नावं घाईत गिळून टाकतात. समोर बसलेल्या माणसाचं नाव आयुष्यात तेवढं एकदाच माइकवरून घेतलं जाणार असतं. माझ्या वहीत प्रत्येक नाव, ते कुठल्या भाषेतलं आणि जोर कुठे, हे लिहिलेलं आहे. शंका असली की कार्यक्रमाआधी त्या माणसाकडे जाते: “काका, तुमचं आडनाव एकदा तुम्हीच म्हणून दाखवा.” गावांचंही तसंच. कर्नाटकनं १ नोव्हेंबर २०१४ ला विजापूरचं विजयपुरा आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी केलं. बातमीत कुठलं नाव घ्यायचं हे त्या केंद्राला विचारून घ्यायचं, गप्पांच्या शोमध्ये श्रोत्यांच्या तोंडात असलेलं घ्यायचं.

पदवी नसेल तर कुठली दारं उघडी आहेत हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे वेळ वाया जात नाही. आकाशवाणी-दूरदर्शनच्या नैमित्तिक उद्घोषक आणि वृत्तनिवेदक यांच्या जाहिरातींत बहुधा पदवी मागतात. तिथे वशिला शोधत बसू नका. पण आकाशवाणीच्या नाट्यविभागाच्या स्वरचाचणीत तुमचा अभिनय आणि वाचन ऐकतात, आणि तरुणांसाठीच्या ‘युववाणी’त शिरायलाही पदवीची गरज नसते. दोन्हींकडे माइकसमोर वागायची शिस्त अंगी येते. खासगी एफएममध्ये डेमो, म्हणजे तुमच्या आवाजाचा नमुना, आधी ऐकतात, शिक्षण नंतर विचारतात. त्यांना स्वतःच्या बातम्या करायची परवानगी नाही, त्यामुळे बातमीदारीचं स्वप्न असेल तर ती जागा नव्हे. डबिंग, जाहिराती, श्राव्य पुस्तकं यांत कान हीच परीक्षा. खेळांच्या समालोचनात तर प्रादेशिक भाषांना चांगले दिवस आलेत: २०२३ च्या आयपीएलचं डिजिटल प्रक्षेपण १२ भाषांत झालं, त्यात मराठीही होती. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट ऐकवलं, त्यामागे खेळाची खोल जाण होती. तुम्ही गावच्या कबड्डी स्पर्धेपासून सुरुवात करा आणि नियम आधी शिका.

आणि जी दारं पदवीमुळे बंद आहेत ती कायमची बंद ठेवायची गरज नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. काम करता करता तिथून पदवी घेता येते.

अगदी पहिलं काम मात्र रिक्षाचं घ्या. भोंगा लावून गल्लीगल्लीत फिरणाऱ्या रिक्षांच्या जाहिराती छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड होतात. स्टुडिओवाल्या अण्णांना जाऊन सांगा की मी मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही करून देईन. एरवी त्यांना तीन माणसं गोळा करावी लागतात. हे काम खूप शिकवतं. रिक्षा चालती असते, ऐकणाऱ्याच्या वाट्याला तीस सेकंदांतली आठ-दहाच येतात. म्हणून दुकानाचं नाव आणि ठिकाण दर दोन वाक्यांनी परत आलं पाहिजे. भोंग्यात खालचा सूर विरून जातो, त्यामुळे शब्दाचा शेवट खाली सोडायचा नाही. तिन्ही भाषांत एकच मजकूर शब्दाला शब्द ठेवून म्हटला तर तो लंगडा होतो. मराठीत ‘लग्नसराईसाठी’ म्हणा, पण कन्नड आणि तेलुगूत त्या घरातली बाई लग्नाच्या खरेदीबद्दल जसं बोलते तसं लिहून घ्या. माझा मजकूर आजही आधी आई ऐकते. तिनं विडी वळता वळता मान वर केली तर तो जमला.

त्यानंतर सामुदायिक रेडिओ. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही अशी केंद्रं काढता येतात. शंभर वॉटचं प्रक्षेपण, साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा, आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत असा नियम. म्हणजे तिथे तुमची बोली हीच लायकी आहे. म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे, सीमेवरच्या जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. आणि सोलापूरहून हैदराबादला जाताना झहीराबाद लागतं, त्याच्या जवळ माचनूरला १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. शेतीत राबणाऱ्या दलित बायका तो चालवतात, त्यांच्या तेलुगूत, त्यांच्या विषयांवर. पदवीची भीती वाटणाऱ्या प्रत्येक मुलीनं ते केंद्र डोळ्यासमोर ठेवावं. अशा ठिकाणी फक्त बोलायला जाऊ नका. आवाज कमी-जास्त करणारा फेडर कसा वरखाली करायचा, मुलाखत कशी कापायची, नोंदवही कशी ठेवायची, सगळं शिका. संपादनासाठी ‘ऑडॅसिटी’ फुकट मिळतं. ज्याला स्वतःची फाइल स्वतः साफ करता येते त्याला रात्री अकराला फोन येतो आणि सकाळी पैसे मिळतात.

घरी रेकॉर्ड करायला महागडी खोली लागत नाही. पूर्व भागात खरा शत्रू म्हणजे मागांची खटखट. पाळी सुटून माग थांबले की बसायचं, पंखा बंद, फ्रिज बंद. तीन बाजूंना सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगा. भिंतीवरून परतणारा आवाज त्या शोषून घेतात. माइक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा झोत थेट त्यावर आदळत नाही. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची द्या. घुमारा नको, मागे संगीत नको.

डेमो एक ते दीड मिनिटाचा. सर्वांत चांगला तुकडा पहिल्या दहा सेकंदांत, कारण ऐकणारा बऱ्याचदा तिथेच ठरवतो. एकाच फाइलमध्ये चारही भाषा कोंबू नका. प्रत्येक भाषेची वेगळी फाइल, नावात भाषा आणि कामाचा प्रकार. आणि जी भाषा तिसऱ्या रकान्यात कच्ची आहे तिचा डेमो पाठवूच नका.

चाचणीच्या दिवशी दूध-दही टाळा, कोमट पाणी प्या. कागद हातात आला की आधी नावं आणि आकडे शोधा, मग पहिलं वाक्य. शिक्षण विचारलं तर “बारावी” एवढंच सांगा आणि थांबा. घरची परिस्थिती, राहून गेलेलं कॉलेज, हे काहीही तिथे सांगू नका. “आणखी कुठल्या भाषेत वाचू?” असं तुम्हीच विचारा.

पैशाचं बोलणं माइक सुरू होण्याआधी करा. पदवी नसलेल्यांना ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणून फुकट राबवणारे भेटतात. एका ठिकाणी माझ्या तीन भाषांच्या कामाचे एकाच भाषेचे पैसे दिले गेले. भाषा तीन, तर बिल तीन कामांचं. रेकॉर्डिंग कुठे वाजणार, किती महिने, दुरुस्त्या किती वेळा, हे ईमेलवर लिहून घ्या. आणि आता एक ओळ प्रत्येक करारात हवीच: माझ्या आवाजावरून कृत्रिम आवाज तयार करायला परवानगी नाही. समोरून ‘मान्य’ असं लेखी उत्तर येईपर्यंत अंतिम फाइल पाठवू नका, पहिल्या पंधरा सेकंदांचा नमुना तेवढा पाठवा.